ईस्ट क्रॉयडनचा ट्रामथांबा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दक्षिण लंडनच्या क्रॉयडन उपनगरातली ट्राम मे २०००मध्ये सुरू झाली. एकूण लांबी सुमारे २८ किलोमीटर, थांबे ३९. विंबल्डन ते बेकनम जंक्शन, विंबल्डन ते एल्मर्स एंड आणि न्यू ॲडिंग्टन ते वेस्ट क्रॉयडन हे तिचे तीन मार्ग, आणि तिन्हींना जोडणारा मोठा थांबा म्हणजे ईस्ट क्रॉयडन. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या मुलांकडे जाणारे आईवडील आणि तिथेच स्थायिक झालेले वाचक या दोघांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रांतला बहुतेक गोंधळ ट्रामपेक्षा ट्राममधून उतरल्यावरच्या पुढच्या गाडीचा आहे, म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे. भाड्याचे आकडे २०२५चे आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे पुण्याहून चार महिन्यांसाठी मुलीकडे चाललो आहोत. तिचे घर ॲडिस्कोम थांब्याजवळ आहे. ट्राममध्ये कंडक्टर असतो का? तिकीट कुठे काढायचे? आमचे इथले डेबिट कार्ड चालेल का? (पुणे)

कंडक्टर नसतो, आणि थांब्यावर तिकीटही मिळत नाही. तिकिटाची यंत्रे २०१८च्या जुलैमध्ये काढून टाकली. ट्राममध्ये रोख पैसे घेत नाहीत. थांब्याच्या फलाटावर खांबाला पिवळे गोल रीडर असते. गाडीत चढण्यापूर्वी त्यावर कार्ड टेकवायचे, आवाज आला आणि हिरवा दिवा लागला की झाले. गाडीच्या आत रीडर नसते, त्यामुळे ‘आधी चढू, मग टेकवू’ असे चालत नाही. धावत येऊन तसेच चढलात आणि तपासनीस आला, तर दंड १०० पाउंड, २१ दिवसांत भरला तर ५०.

मोठ्या माणसाचे भाडे १.७५ पाउंड. अंतर कितीही असो, तेवढेच. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत तुम्ही कितीही वेळा दुसऱ्या ट्राममध्ये किंवा लाल बसमध्ये चढलात, तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत. मात्र प्रत्येक वेळी कार्ड टेकवायचेच, आणि तेही पहिलेच कार्ड. सकाळी प्लास्टिकचे कार्ड टेकवले आणि बसमध्ये तेच कार्ड फोनमधून टेकवले, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसे वाटतात. तास मोजला जातो तो शेवटच्या गाडीत चढण्यापर्यंत. एकोणसाठाव्या मिनिटाला बसमध्ये चढून पुढे पाऊण तास बसून राहिलात तरी हरकत नाही. दिवसभर फक्त बस आणि ट्रामने फिरलात, तर ५.२५ पाउंडांच्या वर कापत नाहीत. हा ‘दिवस’ पहाटे साडेचारला सुरू होतो. सोमवार ते रविवार या आठवड्याचीही अशीच मर्यादा आहे, २४.७० पाउंडांची. आठवड्यातले पाच दिवस मनसोक्त फिरणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

उतरताना कार्ड टेकवायचे नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेची सवय झालेली मंडळी इथे हमखास चुकतात. उतरताना टेकवलेले कार्ड यंत्र ‘नवीन चढणे’ म्हणून नोंदवते. पहिला तास संपलेला असेल तर आणखी १.७५ पाउंड जातात.

तुमच्या कार्डावर व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेसचे चिन्ह आणि संपर्कविरहित पैसे देण्याच्या चार वक्र रेषा असल्या की ते चालते. पण एक काम भारतातून निघण्यापूर्वीच करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपली कार्डे परदेशातील आणि संपर्कविरहित व्यवहारांसाठी मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन हे दोन्ही पर्याय चालू करा आणि मर्यादा ठरवून घ्या. तिथे पोहोचल्यावर ओटीपी इथल्या सिमवर येतो आणि सिम सुरू नसले की काम अडते. परदेशी व्यवहारावर बँक काही टक्के आकारते, तेही विचारून ठेवा. चार महिने राहणार असाल तर तिथले ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड) घेणे सोयीचे. किराणा आणि वर्तमानपत्राच्या ज्या दुकानांवर ऑयस्टरचे चिन्ह असते, तिथे त्यात पैसे भरता येतात.

आणि दोघांना दोन कार्डे लागतील. एकाच कार्डावर दोन माणसांचे भाडे घेता येत नाही. ज्येष्ठांचा मोफत पास तिथल्या रहिवाशांना मिळतो, पाहुण्यांना नाही. अकरा वर्षांखालील नातवंडे मात्र ट्राममध्ये फुकट येतात.

प्रश्न : विंबल्डनहून ट्रामने सरळ वेस्ट क्रॉयडनला उतरते. परत जाताना त्याच थांब्यावर उभी राहिले तर विंबल्डनची गाडी येतच नाही. अर्धा तास थांबले. असे का? (थॉर्नटन हीथ, लंडन)

तुम्ही कितीही थांबलात तरी ती येणार नाही. क्रॉयडनच्या मध्यवस्तीत ट्रामचे रूळ एकेरी गोल फेरीत टाकलेले आहेत आणि त्या फेरीत गाड्या एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात.

विंबल्डनकडून येणारी गाडी वँडल पार्कनंतर रीव्ह्ज कॉर्नर, सेंट्राल, वेस्ट क्रॉयडन आणि वेलस्ली रोड हे थांबे घेत ईस्ट क्रॉयडनला पोहोचते. विंबल्डनला परत जाणारी गाडी त्या बाजूला फिरकतच नाही. ती ईस्ट क्रॉयडनहून जॉर्ज स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि तिथून थेट वँडल पार्क असा जवळचा रस्ता धरते. न्यू ॲडिंग्टनची गाडी पूर्ण चक्कर मारते : ईस्ट क्रॉयडन, जॉर्ज स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, सेंट्राल, वेस्ट क्रॉयडन, वेलस्ली रोड आणि पुन्हा ईस्ट क्रॉयडन.

याचा अर्थ असा की वेस्ट क्रॉयडन, सेंट्राल, वेलस्ली रोड आणि रीव्ह्ज कॉर्नर या चारही थांब्यांवर विंबल्डनकडे जाणारी गाडी मिळत नाही. सेंट्राल आणि रीव्ह्ज कॉर्नरला तर लोक जास्तच फसतात, कारण नकाशावर ते विंबल्डनच्या बाजूला दिसतात.

तुमच्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला : वेस्ट क्रॉयडनहून येईल त्या ट्राममध्ये बसा, दोन थांब्यांनी ईस्ट क्रॉयडन येईल, तिथे उतरून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर जा आणि विंबल्डनची पाटी पाहून चढा. पुन्हा कार्ड टेकवा, एका तासात असल्यामुळे पैसे कापले जाणार नाहीत. दुसरा, आणि हात मोकळे असतील तर आम्ही हाच सुचवू : वेस्ट क्रॉयडनहून नॉर्थ एंड या वाहनबंदी असलेल्या बाजारपेठेतून सरळ दक्षिणेला चालत जा, टोकाला उजवीकडे क्राउन हिलचा उतार उतरा, की चर्च स्ट्रीटचा थांबा येतो. दहा मिनिटांची चाल आहे. वाटेत सरे स्ट्रीटचा भाजीबाजार लागतो. त्याची सनद १२७६ सालची आहे, आणि वाडग्याच्या भावाने मिळणारी तिथली भाजी सुपरमार्केटपेक्षा बरीच स्वस्त पडते.

चर्च स्ट्रीटला एक गोष्ट जपा. तिथे एकाच फलाटावर विंबल्डनची आणि वेस्ट क्रॉयडनकडे वळणारी अशा दोन्ही गाड्या येतात. पाटी न वाचता चढलात तर पाच मिनिटांत पुन्हा वेस्ट क्रॉयडनलाच पोहोचाल.

प्रश्न : विंबल्डन स्टेशनात फाटकाशी एकदा कार्ड टेकवले, तरी ट्रामच्या फलाटावर पुन्हा टेकवायला सांगतात. दुप्पट पैसे जातात का? (विंबल्डन)

नाही. विंबल्डनला ट्रामचा फलाट (क्रमांक १० अ आणि १० ब) रेल्वे स्टेशनाच्या आत आहे, त्यामुळे फाटकाला तुम्ही भुयारी रेल्वेचे प्रवासी आहात की ट्रामचे हे कळत नाही. फलाटावरच्या रीडरवर दुसऱ्यांदा टेकवले की हा ट्रामचा प्रवास म्हणून नोंदवला जातो आणि फक्त ट्रामचे भाडे लागते. दुसऱ्यांदा टेकवायला विसरलात तर यंत्र अर्धवट राहिलेला रेल्वेप्रवास समजते आणि बरेच जास्त पैसे कापते. उलट दिशेने, म्हणजे ट्रामने येऊन विंबल्डनला बाहेर पडताना फाटकाशी कार्ड टेकवायचे. ‘उतरताना टेकवू नका’ या नियमाला हा अपवाद आहे. ईस्ट क्रॉयडनला अशी भानगड नाही, तिथला ट्रामथांबा स्टेशनाच्या बाहेर रस्त्यावर आहे.

प्रश्न : मुंबईहून हीथ्रोला उतरून क्रॉयडनला जायचे आहे, सोबत दोन मोठ्या बॅगा. टॅक्सी फार महाग सांगतात. ट्रामशी जोडलेला दुसरा मार्ग आहे का? (डोंबिवली)

आहे. हीथ्रोच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एसएल७ क्रमांकाची सुपरलूप (मोजकेच थांबे घेणारी) बस सुटते. पूर्वी तिचा क्रमांक एक्स२६ होता, २०२३मध्ये बदलला. ती किंग्स्टन आणि सटनवरून क्रॉयडनला येते, ईस्ट क्रॉयडन स्टेशनाजवळ थांबते आणि वेस्ट क्रॉयडनला संपते. भाडे साध्या बसचे, म्हणजे १.७५ पाउंड. वेळ मात्र दीड ते दोन तास धरा. संध्याकाळी किंग्स्टनच्या आसपास वाहतूक तुंबते तेव्हा त्याहूनही जास्त. तासाची सवलत इथे बहुधा उपयोगी पडत नाही, कारण बसमधून उतरून ट्राममध्ये चढेपर्यंत तास उलटून गेलेला असतो. ट्रामचे १.७५ वेगळे धरा.

बॅगांचे सांगायचे तर ती शहरी बस आहे, विमानतळाची आराम बस नव्हे. सामान ठेवायची जागा मर्यादित असते. दोन माणसे आणि दोन मोठ्या बॅगा जमतात. चौघांचे कुटुंब आणि सहा बॅगा असतील तर टॅक्सीच बरी.

विमान गॅटविकला उतरणारे असेल तर प्रश्नच मिटला. गॅटविकहून सदर्न किंवा टेम्सलिंकच्या रेल्वेगाडीने पंधरा-वीस मिनिटांत ईस्ट क्रॉयडन येते, स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलात की समोर ट्राम. फक्त गॅटविक एक्स्प्रेसमध्ये बसू नका. ती ईस्ट क्रॉयडनला न थांबता व्हिक्टोरियाला जाते आणि तिचे भाडेही जास्त असते.

प्रश्न : लॉइड पार्कजवळ राहतो. गणपतीत महाराष्ट्र मंडळात जायचे तर इतके लांब कसे जावे? गाडी नाही. (क्रॉयडन)

महाराष्ट्र मंडळ लंडन ही १९३२ सालची संस्था वायव्य लंडनमध्ये डॉलिस हिलला आहे, तुमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तरीही रस्ता वाटतो तेवढा किचकट नाही. लॉइड पार्कहून ट्रामने ईस्ट क्रॉयडन. तिथून बेडफर्डकडे जाणारी टेम्सलिंकची गाडी धरा. ती लंडनच्या मधून आरपार जाते, त्यामुळे मध्यवस्तीत उतरून गाडी बदलावी लागत नाही. वेस्ट हॅम्पस्टेड टेम्सलिंक या स्टेशनावर उतरा, बाहेर पडून रस्त्याने दोन-तीन मिनिटे चालत भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनच्या वेस्ट हॅम्पस्टेड स्टेशनात शिरा. किलबर्न, विल्सडेन ग्रीन आणि तिसरे डॉलिस हिल.

दोन्ही स्टेशनांत फाटकाशी कार्ड टेकवा. मधली ही चाल यंत्र एकाच प्रवासाचा भाग धरते, दोन तुटक प्रवासांचे पैसे लावत नाही. मध्येच चहाला बराच वेळ बसलात तर मात्र ही जोडणी तुटते. आणि ईस्ट क्रॉयडनला सगळ्याच टेम्सलिंक गाड्या बेडफर्डला जात नाहीत. काही केंब्रिज आणि पीटरबरोच्या असतात, त्या वेस्ट हॅम्पस्टेडला लागत नाहीत. फलाटावरच्या पाटीवर मधली स्टेशने सरकत असतात, तिथे वेस्ट हॅम्पस्टेडचे नाव दिसल्याशिवाय चढू नका. रविवारी रुळांची कामे निघतात, त्या दिवशी लंडन ब्रिजला उतरून तिथूनच ज्युबिली लाइन धरणे हा चांगला पर्याय आहे.

प्रश्न : सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि बाळाची बाबागाडीही असते. ट्राम की बस? (बेकनम)

ट्राम, शंका नको. फलाट रुळापासून ३५ सेंटिमीटर उंच आहे आणि गाडीचा दरवाजा जवळजवळ त्याच पातळीवर उघडतो. पायरी नाही, फळी टाकायला कुणाला बोलवावे लागत नाही. बसमध्ये चालकाने गाडी फुटपाथला नीट चिकटवली तरच चढणे सोपे जाते. ट्रामला रूळ असल्यामुळे ती दर वेळी फलाटापासून तेवढ्याच अंतरावर थांबते. दरवाजे आपोआप उघडतीलच असे नाही, दारावरचे बटण उजळले की दाबा. जुन्या गाड्यांत (व्हिएन्नात बनलेल्या) दोन्ही टोकांना आत पायऱ्या चढून आसने आहेत, म्हणून सासूबाईंना मधल्या दाराने चढवा. बाबागाडीची आणि चाकाच्या खुर्चीची जागाही तिथेच मध्यभागी आहे. स्टाडलर कंपनीच्या नव्या गाड्यांत पूर्ण लांबीभर सपाट जमीन आहे.

बसायला मिळालेच नाही तर गाडी सुटण्यापूर्वी दांडा धरायला सांगा. ट्रामचा ब्रेक बसपेक्षा जास्त झटक्याने लागू शकतो.

प्रश्न : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘रुळांवर पाने पडल्यामुळे उशीर’ अशी सूचना येते. झाडाच्या पानांनी चाळीस टनांची गाडी अडते हे पटत नाही. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

पाने गाडी अडवत नाहीत, ती चाकाची पकड घालवतात. पोलादी चाक पोलादी रुळावर ज्या ठिकाणी टेकते तो ठिपका नखाएवढा असतो. त्यावर गाडीचे वजन येते तेव्हा ओल्या पानांचा लगदा चेपला जाऊन रुळावर काळा, कडक, गुळगुळीत लेप बसतो. तो पुसून निघत नाही, घासून काढावा लागतो. रिमझिम पाऊस आणि दव सर्वांत वाईट. धो धो पाऊस पडला तर उलट रूळ धुतले जातात. सँडिलँड्सपासून लॉइड पार्क, कूम लेन, ग्रॅव्हल हिलपर्यंतचा न्यू ॲडिंग्टनचा मार्ग झाडीतून जातो आणि त्याला चढउतारही आहे. तिथे हे सगळ्यात जास्त जाणवते.

चालक ब्रेक लावतो तेव्हा चाक फिरायचे थांबते आणि गाडी तशीच घसरत जाते. असे घसरलेले चाक एका जागी सपाट झिजते. नंतर गाडी धावताना ठक ठक असा ठेका ऐकू येतो तो त्या सपाट भागाचा. ते चाक कारखान्यात नेऊन पुन्हा गोल कापावे लागते, तोपर्यंत ती गाडी सेवेतून बाहेर. उपाय म्हणून गाडीतच वाळूचे डबे असतात, नळीतून चाकाच्या पुढे रुळावर वाळू सोडली जाते. त्याखेरीज रुळाला थेट चिकटणारा चुंबकीय ब्रेक असतो. तो चाकाच्या पकडीवर अवलंबून नसतो, पण रोजच्या थांबण्यासाठी वापरायचा नसतो. म्हणून चालक या दिवसांत लांबूनच वेग कमी करतो. प्रत्येक थांब्यामागे काही सेकंद जातात.

आता खरी गोम. सेकंदांची मिनिटे होतात ती एकेरी रुळामुळे. अरीना ते एल्मर्स एंड, बेकनम जंक्शनकडचा बराचसा भाग आणि विंबल्डनच्या बाजूला मॉर्डन रोडजवळचा तुकडा एकेरी आहे. तिकडून येणारी गाडी उशिरा आली की इकडची फलाटावर खोळंबते. बेकनमच्या मार्गावर ॲव्हेन्यू रोडला गाड्या एकमेकींना बाजूने जाऊ देतात. तिथे थांबून राहिलेली गाडी बिघडली आहे असे समजू नका. त्यातून सुटलेल्या उशिराच्या गाड्या ईस्ट क्रॉयडन ते सँडिलँड्स या सगळ्यांच्या सामाईक रुळावर एकदम येतात. म्हणून ग्रॅव्हल हिलच्या पानांचा त्रास विंबल्डनच्या बाजूला असलेल्या मिचमच्या माणसाला होतो.

त्या सामाईक तुकड्यात गाडी बंद पडली, सांधा अडकला, किंवा जॉर्ज स्ट्रीटला कुणी मोटार रुळांवर आडवी लावली, तर तिन्ही मार्ग ठप्प होतात. ट्राम वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. अशा वेळी गाड्या थेरापिया लेनला (तिथे डेपो आहे) किंवा सँडिलँड्सलाच परत फिरवतात, म्हणून पाटीवर नेहमीचे शेवटचे नाव आहे का ते पाहून चढा. ईस्ट क्रॉयडनहून विंबल्डनला जायचे असेल तर रेल्वेने क्लॅपम जंक्शनला जाऊन तिथे गाडी बदलता येते, भाडे जास्त पडते. न्यू ॲडिंग्टनला ६४ क्रमांकाची बस जाते. रेल्वेचे पैसे वेगळे, बस मात्र तासाच्या सवलतीत बसते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी या ट्रामला मोठा अपघात झाला होता. आता ती सुरक्षित आहे का? (नाशिक)

९ नोव्हेंबर २०१६च्या पहाटे, पाऊस पडत असताना, न्यू ॲडिंग्टनकडून येणारी गाडी सँडिलँड्सच्या वळणावर उलटली. सात प्रवासी मृत्युमुखी पडले, साठहून अधिक जखमी झाले. वळणाची मर्यादा ताशी २० किलोमीटर होती, गाडी ताशी सुमारे ७३ किलोमीटर वेगात होती. वळणाच्या अलीकडे लांब सरळ रूळ आणि बोगदा आहे. अंधारात चालकाचे भान क्षणभर सुटले तर सावध करणारे तिथे काही नव्हते. ट्राम बहुतेक ठिकाणी नजरेच्या भरवशावर चालवली जाते, समोर दिसेल तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे हा नियम. रेल्वेसारखी सिग्नलची साखळी तिच्यामागे नसते.

त्यानंतर झालेले बदल ठोस आहेत. सर्वाधिक वेग ८०वरून ७०वर आणला. तीव्र वळणांच्या आधी एकदम ७०वरून २०ची पाटी न लावता टप्प्याटप्प्याने उतरत्या वेगाच्या पाट्या लावल्या. चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून त्याला डुलकी लागली तर आसन थरथरवणारे यंत्र बसवले. वेग मर्यादेबाहेर गेला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवली. खिडक्यांच्या काचांना मजबूत पापुद्रा लावला, कारण मृत्यूंचे मोठे कारण फुटलेल्या खिडक्यांतून आणि दारांतून बाहेर फेकले जाणे हे होते. मुख्य वीज गेली तरी पेटणारे आपत्कालीन दिवे लावले. यातली प्रत्येक गोष्ट आधी करता आली असती, हे दुःख राहतेच. आजची गाडी मात्र २०१६च्या गाडीपेक्षा नक्कीच सुरक्षित आहे, निःशंक बसा.

प्रश्न : सायकलने कामावर जातो. जॉर्ज स्ट्रीटला चाक रुळाच्या खाचेत अडकून पडलो. (ॲडिस्कोम)

रस्त्यातल्या रुळाला चाकाच्या कडेसाठी खाच असते आणि सायकलचे टायर त्यात बरोबर बसते. रूळ ओलांडायचा तो शक्यतो काटकोनात, तिरके कधीच नाही. ओला रूळ खाचेइतकाच घातक, त्यावर असताना ब्रेक लावू नका किंवा हँडल वळवू नका. ट्रामच्या सिग्नलला फक्त पांढऱ्या रेषा असतात : आडवी म्हणजे थांबा, उभी म्हणजे चला. त्या तुमच्यासाठी नाहीत, तुमचे नेहमीचे लाल-हिरवे दिवेच पाहा. न दुमडणारी सायकल ट्राममध्ये नेता येत नाही, घडीची चालते.

प्रश्न : मुंबईची ट्राम बंद पडली, मग लंडनने पुन्हा का सुरू केली? (गिरगाव)

लंडननेही बंदच केली होती. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला, विजेची ७ मे १९०७ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. लंडनची जुनी ट्राम त्याआधीच, जुलै १९५२मध्ये संपली होती. त्या जुन्या गाड्यांतला सर्वांत मोठा क्रमांक होता २५२९. क्रॉयडनच्या पहिल्या नव्या गाडीला २५३० क्रमांक दिला. अठ्ठेचाळीस वर्षांची खंडित मालिका तिथून पुढे सुरू केली, हे आम्हाला फार आवडते.

दोन्हींत फरक रस्त्याचा आहे. मुंबईची ट्राम बस, मोटारी, हातगाड्या यांच्या गर्दीतच धावत होती, तिला स्वतःची वाट नव्हती. क्रॉयडनची ट्राम फक्त मध्यवस्तीत आणि आसपास रस्त्यावर उतरते. उरलेली बरीचशी वाट बंद पडलेल्या किंवा तोट्यातल्या रेल्वेमार्गांची आहे. वेस्ट क्रॉयडन ते विंबल्डन रेल्वे १८५५ची. ती मे १९९७मध्ये बंद करून त्याच जागेवर ट्रामचे रूळ टाकले. सँडिलँड्सचे बोगदे १९८३मध्ये बंद झालेल्या रेल्वेचे. मिचमजवळचा थोडा भाग तर त्याहूनही जुन्या, १८०३मध्ये सुरू झालेल्या सरे आयर्न रेल्वेच्या वाटेवर आहे. तिच्या वाघिणी घोडे ओढत. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच्या पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणून पूर्वेला किंवा पश्चिमेला थोडे गेलात की ट्राम घरांच्या मागच्या अंगणांतून, झाडीतून, विनाअडथळा पळते.

प्रश्न : लंडनच्या मध्यात कामाला जायचे तर प्रत्येक वेळी ईस्ट क्रॉयडनलाच यावे लागते का? तिथे फार गर्दी असते. (न्यू ॲडिंग्टन व वुडसाइड येथील दोन वाचक)

वुडसाइडकरांना नाही. एल्मर्स एंडला ट्राम थेट रेल्वे स्टेशनाशी संपते, तिथून लंडन ब्रिजकडे गाड्या आहेत. बेकनम जंक्शनला व्हिक्टोरियाच्या मिळतात. बर्कबेकलाही ट्राम आणि रेल्वेचे फलाट शेजारीशेजारी आहेत, पण तिथल्या रेल्वेगाड्या विरळ आहेत, वेळ पाहिल्याशिवाय जाऊ नका. ट्राममधून उतरून पळत रेल्वे गाठायची असेल तर कार्ड आधीच हातात ठेवा, कारण रेल्वेसाठी ते पुन्हा टेकवावे लागते, आणि शेवटी उतरतानाही.

न्यू ॲडिंग्टनहून लंडनच्या मध्यात जायला मात्र ईस्ट क्रॉयडनच. गर्दी टाळायची तर ट्रामच्या पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने बाहेर पडा, तिथे दाटी कमी असते. ऑर्पिंग्टनच्या बाजूला काम असेल तर ईस्ट क्रॉयडनपर्यंत जाऊच नका : ॲडिंग्टन व्हिलेजला उतरा, तिथे ट्रामच्या फलाटालगतच बसचे थांबे आहेत, ३५३ क्रमांकाची बस पकडा. ट्रामला कार्ड टेकवून तास झाला नसेल तर बसचे पैसे लागणार नाहीत.